थांबायला सांगितलंय

दिवा हिरवा झाला, वहिनींनी क्लच सोडला आणि त्याच वेळी गाडीच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. लोकांना गाडी शिकवताना तो आपला फोन गाडीपासून तोडून ठेवायचा. आज विसरला होता. रिंग ऐकून वहिनी दचकल्या आणि स्टिअरिंगवरचं हाताला लागेल ते बटण त्यांनी दाबलं. "तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय," बाई म्हणाली, "डॉक्टरांनी उद्या भेटायला बोलावलंय. घरचं कुणीतरी बरोबर असू द्या." दळणाचा डबा तयार आहे, घेऊन जा, म्हणावं इतक्या सहज. त्याच्या नकळत त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला आणि गाडी चौकाच्या मधोमध गचका खाऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. इतकी वर्षं तो शिकाऊ माणसांना सांगत आला होता की हॉर्न वाजवणाऱ्याला काम नसतं, तुम्ही आपलं शांतपणे गाडी सुरू करा. आता त्याला स्वतःलाच किल्ली कुठल्या हाताला असते ते आठवेना. वहिनींनीच ती फिरवली. पहिला गिअर टाकला, इंडिकेटर द्यायला विसरल्या, पण वळल्या, आणि एका बंद दुकानासमोर गाडी अशी लावली की मागचं चाक अर्धं फुटपाथवर चढलं. एरवी त्यानं ते पुन्हा लावायला लावलं असतं.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यानंतर त्यांची गाडी आच्छादन घालून इमारतीखाली उभी होती, आणि या वर्षी अचानक वहिनी म्हणाल्या, भाऊजी, मला शिकवा. कुठं जायचं झालं की कुणाला तरी 'सोडता का' म्हणायचं, याचा मला कंटाळा आलाय. या वयात, असं घरात सगळे म्हणाले. तो तसं म्हणाला नाही, कारण ज्याचा धंदाच तो, त्यानं कुणाला नाही म्हणू नये. आता त्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या, जणू गाडी अजून चालूच आहे.

"कुठली बायोप्सी?" त्यांनी विचारलं.

त्यानं फोन गाडीपासून तोडला. त्या त्याच्याकडे वळल्या नाहीत. "दादांचीच का?" त्या म्हणाल्या. म्हणजे त्याच जागेची का.

"हो."

"धाकटीला माहीत आहे?"

धाकटी म्हणजे त्याची बायको. "मुतखड्यांची तपासणी आहे म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. वहिनींनी नुसती मान हलवली; ती मान हलवणं त्याला आवडलं नाही. त्यात ओळख होती. हे सगळं या बाईनं आधी पाहिलेलं आहे, पुढचा रस्ता हिला पाठ आहे, असं त्याला वाटलं आणि मानेवर मागून कुणी गार हात ठेवावा तसं झालं.

खरं तर त्याला काही होत नव्हतं. परवाना नवीन करायचा म्हणून दरवेळी करतात तशी तपासणी झाली, त्यात रक्तात कसलासा आकडा जास्त आला. मग दुसरं रक्त, मग एका नळकांड्यात निजवून काढलेले फोटो, मग ती बायोप्सी. भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेला तो आणि पाठीमागे कागदाला टाचण्या मारल्यासारखा खट्‌ खट्‌ आवाज. दुखलं फारसं नव्हतं. लाज मात्र इतकी वाटली की घरी येऊन त्यानं बायकोशी उगाच पंख्यावरून भांडण काढलं. लघवी नीट होत होती, भूक होती, जिना चढताना दम लागत नव्हता. दादालाही आधी काही होत नव्हतं, मग पाठ दुखायला लागली. दादा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसायचा आणि म्हणायचा, डॉक्टरांनी पाहिलंय, थांबायला सांगितलंय, घाई नाही. महिने गेले. मग एक दिवस दादा मोरीतून बाहेर येताना खाली बसला तो उठलाच नाही, पाय त्याचे राहिले नव्हते. तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात काढलेल्या फोटोत त्याच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर पांढरे डाग दिसले होते, ओल्या भिंतीवर बुरशी धरते तसे. त्या खोलीतला वास, दादाचे चादरीखाली कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडलेले पाय. आणि त्या डॉक्टरवरचा राग. थांबायला सांगणारा तो डॉक्टर त्यानं कधी पाहिला नव्हता, पण मनात त्याचा चेहरा पक्का झाला होता: गुळगुळीत दाढी, घड्याळाकडे बघण्याची सवय. घरात कुणाला नुसता खोकला झाला तरी तो म्हणायचा, थांबू नका, आमच्या दादाला थांबवलं त्यांनी. हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की ते त्याच्या दातांच्या मागे तयारच असायचं.

संध्याकाळी बायको चष्म्याच्या दुकानातून आली. ती तिथं चष्मे बसवून द्यायची; दिवसभर लोकांच्या कानांमागे, नाकांवर हात फिरवून घरी आली की तिची बोटं थोडा वेळ हवेत काहीतरी वाकवत राहायची. तिनं विचारलं, काय म्हणतायत खडे? तो म्हणाला, उद्या कळेल. जेवताना ती कुणा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती, एका बाईला जवळचं नीट दिसायला लागल्यावर नवऱ्याच्या दाढीतले राहिलेले केस दिसले आणि ती दुकानातच भांडली. तो हसला. आपण हसतोय आणि आत, बसायच्या जागेच्या जरा वर, कुणीतरी आपलं खातंय, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, याचा त्याला अचंबा वाटला. आजपर्यंत शरीराचा तो भाग त्याला घराच्या पाण्याच्या टाकीसारखा होता. आहे, काम करतो, वर चढून कोण बघतं. आता सारखं लक्ष तिथंच जात होतं. खुर्चीत बसलं तरी, उठलं तरी. पाठ दुखतेय का, हे तो चाचपून बघत होता, आणि चाचपलं की दुखायची.

सकाळी, ती केस विंचरत असताना, त्यानं दारात उभं राहून सांगितलं. खडे नव्हतेच, हे आधी सांगितलं. मग बाकीचं. ती आरशात त्याच्याकडे बघत होती, वळली नाही. कंगवा केसातच राहिला होता.

"कुणाला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

याची त्यानं तयारी केली नव्हती. "वहिनींना. म्हणजे, काल गाडीत फोन आला, त्यांनी ऐकलं."

"काल." ती म्हणाली. "काल मी तुम्हाला दाढीवाल्याची गोष्ट सांगत होते." तिनं कंगवा काढला, त्यातले केस काढून बोटाला गुंडाळले, डब्यात टाकले. मग म्हणाली, "किती वाजता जायचंय?" एवढंच. त्याला वाटलं होतं ती रडेल, आणि मग तो तिची समजूत घालेल, आणि समजूत घालता घालता त्याचं त्यालाही थोडं बरं वाटेल. तसं काही झालं नाही. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि त्यानं दोनदा विनाकारण इंडिकेटर दिला.

डॉक्टर बाई होत्या, वयानं त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान, आणि त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. कॅन्सर आहे, असं त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. तो शब्द टेबलावर ठेवल्यासारखा त्यांच्या तिघांमध्ये राहिला. मग त्या बोलत होत्या आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. लहान आहे, सगळ्यात खालच्या पायरीचा, ग्रंथीच्या आतच आहे, कुठं पसरलेला दिसत नाही. कानावर पडत होतं, पण आत जात नव्हतं. आतमध्ये आधीच एक फोटो लावलेला होता, पांढऱ्या डागांचा, आणि त्यावर दुसरं काही चिकटत नव्हतं. बायकोनं विचारलं, "आतच म्हणजे कसं? मला कळेल असं सांगा." डॉक्टरांनी पेन घेतलं, डाव्या तळहातावर एक बारीक ठिपका काढला आणि मूठ मिटली. "ही प्रोस्टेट ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या खाली असते, साधारण अक्रोडाएवढी. ठिपका आत आहे. मुठीला बाहेरून काही नाही. याच्या पेशी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्या खूपशा चांगल्या पेशींसारख्याच दिसतात, म्हणजे हळू वाढणाऱ्या. कित्येकांच्या बाबतीत हा ठिपका मूठ सोडून कधी जातच नाही. माणूस म्हातारा होतो, दुसऱ्याच कशानं तरी जातो."

"आणि गेला तर?" तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला.

"तो हलायला लागला तर कळावं, म्हणूनच लक्ष ठेवायचं. ठरावीक दिवसांनी रक्त, मधूनमधून फोटो, पुन्हा बायोप्सी. वाढतोय असं वाटलं की तेव्हा उपचार करायचे. तेव्हाही बरं करण्याची संधी हातातून गेलेली नसते. किंवा आत्ताच शस्त्रक्रिया, किंवा किरणांचा उपचार. दोन्हीनं कॅन्सर जातो, पण दोन्हीची किंमत असते. तुमच्या बाबतीत मी म्हणेन, आत्ता थांबू."

थांबू. त्यांनीही तोच शब्द काढला. याच खुर्चीसारख्या कुठल्या तरी खुर्चीत दादा बसला असेल, त्यालाही असंच मूठ मिटून दाखवलं असेल. त्याच्या पायाचा अंगठा बुटात दाबला गेला. "काढून टाका," तो म्हणाला. "माझ्या भावाला थांबवलं होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, भावाचं सगळं मला सांगा. जवळच्या नात्यात कुणाला होता, हे महत्त्वाचं असतं. त्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते लक्षात घेऊनच आपण जरा जास्त बारकाईनं बघू, पण भावाचा तेव्हा हाडांत गेलेला होता, तुमचा तसा नाही, असं पुन्हा एकदा सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग त्या शस्त्रक्रियेबद्दल बोलल्या. काही दिवस नळी. त्यानंतर लघवी थेंबथेंब गळणं, बहुतेकांचं कमी होतं, काहींचं राहतं. आणि मग त्याच सुरात डॉक्टर पुढचं सांगू लागल्या, तेव्हा त्यानं भिंतीवरच्या चित्राकडे बघायला सुरुवात केली. चित्रात माणूस मधोमध उभा कापलेला होता, त्याला चेहरा नव्हता.

"म्हणजे आमचं दोघांचं," बायकोनं मध्येच विचारलं, "ते राहील की नाही?"

त्यानं मान वळवली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि त्यांच्यात हे कधी बोलून झालं नव्हतं. जे व्हायचं ते दिवा घालवल्यावर, आणि सकाळी त्याची काही नोंद नसायची. अलीकडे तर क्वचितच. ती केवळ त्याच्यासाठी सहन करते, असं त्यानं केव्हातरी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि ती आता परक्या बाईसमोर, मांडीवर पर्स धरून, ते आपल्या दोघांचं असल्यासारखं विचारत होती. डॉक्टर म्हणाल्या, मज्जातंतू वाचवायचा आम्ही प्रयत्न करतो, पण खात्री देता येत नाही. वय बघता कमी होण्याची शक्यता बरीच. बायकोनं हूं केलं. मग म्हणाली, "तो चष्मा द्या इकडे. दांड्या सैल झाल्यात, बघवत नाही मला." डॉक्टरांनी गोंधळून चष्मा काढून दिला. तिनं दोन बोटांनी दांडी वाकवली, डोळ्यासमोर धरून पाहिली, परत दिली. तो घसरायचा थांबला.

तरीही त्यानं शस्त्रक्रियेची तारीख घेतलीच. डॉक्टर म्हणाल्या, हा निर्णय चुकीचा नाही, तुमचा आहे. मन बदललं तर फोन करा. घरी येताना बायको म्हणाली, "तुम्हाला जे करायचं ते करा. मला फक्त दुसऱ्याकडून कळू देऊ नका."

त्यानंतर दिवस सरकेनात. शिकाऊ मुलगी वळणावर घाबरली की तो तिच्यावर ओरडायचा, मग माफी मागायचा. ब्रेक लावायच्या आधीच त्याचा पाय तिथं असायचा. घरात बायको त्याच्याशी नेहमीसारखं बोलायची, म्हणजे भाजी, पंखा, दुकान. पण ती बोलणं संपवल्यावर खोलीत जरा जास्त वेळ थांबायची, काहीतरी पडलंय का बघत असल्यासारखी. एकदा त्यानं तिचा हात धरला आणि लगेच सोडला. शस्त्रक्रियेनंतर काय उरेल हे आपण आधीच मोजून घेतोय असं त्याला वाटलं. आंघोळ करताना तो दादाचे पाय आठवायचा आणि आपल्या पायांवर जास्त पाणी ओतायचा.

वहिनींची शिकवणी ठरलेल्या वेळी होतीच. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तो लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवायचा; तिथं जमिनीवर जुने पांढरे पट्टे होते आणि धडकायला काही नव्हतं. वहिनी मान पूर्ण मागे वळवून, ओठ दाबून, इंच इंच गाडी मागे घेत होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं: लहान आहे, आतच आहे, बघत राहू म्हणतात. "पण मी तारीख घेतलीय," तो म्हणाला. "दादाला थांबा म्हणाले आणि काय झालं ते आपण पाहिलं. मी नाही थांबणार."

गाडी थांबली. त्यांनी हँडब्रेक ओढला, किल्ली बंद केली. हे सगळं अगदी त्यानं शिकवलेल्या क्रमानं. काचेवर वाऱ्यानं उडालेली माती बारीक वाजत होती.

"त्यांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

त्याला वाटलं, वहिनी दुसऱ्याच कशाबद्दल बोलतायत.

"दादांना. ते कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते, भाऊजी. ते गेल्यावर मी त्या डॉक्टरांकडे गेले होते. ज्यांचं नाव ते घ्यायचे. भांडायलाच गेले होते मी. ते म्हणाले, बाई, हा माणूस मी कधी पाहिलेला नाही. मला वाटलं खोटं बोलतायत, अंग काढून घेतायत. त्यांनी माझ्यासमोर सगळं शोधलं. नव्हतेच गेले हे. सकाळी कपडे घालून, डॉक्टरकडे जाऊन येतो म्हणून निघायचे. दुपारी यायचे, आणि थांबायला सांगितलंय म्हणायचे."

"मग जायचे कुठं?"

"मला अजून ठाऊक नाही." त्यांनी स्टिअरिंगवरचा एक केस उचलून बाजूला टाकला. "पुष्कळ विचार केला. आता करत नाही. घाबरले होते, एवढंच. पहिल्यांदा ऐकायलाच घाबरले, मग उशीर झाला असेल म्हणून घाबरले."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तुम्ही सगळे त्या डॉक्टरला शिव्या देत होतात. तेवढं तरी तुम्हाला होतं. त्यात मी म्हणू, की नाही हो, यांनीच? गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं." मग त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते. "तुम्हाला कापून घ्यायचंय तर घ्या. चांगला विचार करून घ्या. पण त्यांच्यामुळं घेऊ नका. त्यांचं आणि तुमचं एक नाही. ते थांबले नव्हते, भाऊजी. ते पळत होते."

तो बाहेर पडला आणि पट्ट्यांवरून थोडा चालला. राग कुणावर धरावा ते कळत नव्हतं. मनातल्या त्या गुळगुळीत दाढीच्या डॉक्टरचा चेहरा आता कुठं ठेवायचा? त्याच्या जागी दादा आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, दारातून 'जाऊन येतो' म्हणणारा, जिना उतरणारा, आणि मग रस्त्यावर आल्यावर कुठल्या बाजूला वळावं हे माहीत नसलेला. एखाद्या बाकावर बसलेला. घड्याळ बघणारा, घरी जायला अजून फार लवकर आहे असं ठरवणारा. आपल्यापेक्षा थोरला, ज्यानं आपल्याला सायकल शिकवली तो माणूस. आणि हळूहळू, इतक्या दिवसांनी, डॉक्टरांची मूठ त्याला दिसायला लागली. तिची बोटं, तिच्या आत निळा ठिपका. तो ठिपका पांढऱ्या डागांच्या शेजारी उभा राहिला. दोन वेगळी चित्रं होती ती. एक दुसऱ्याचं नव्हतं. ते त्याला त्या दिवशीच सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं.

परत येताना वहिनींनी गाडी चालवली आणि त्यानं पाय मागे घेऊन ठेवले.

घरी जाऊन त्यानं ते बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं, चहा गार होईपर्यंत. दादाचं सांगितलं, मोरीत एकटा असताना पाय चाचपून बघतो, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "जाऊबाईंनी हे एकटीनं वागवलं एवढी वर्षं." मग थोड्या वेळानं, "तुम्ही मला पंख्यावरून बोलला होतात त्या दिवशी." तो म्हणाला, हो. ती म्हणाली, मला वाटलं मीच काहीतरी केलं. तारीख रद्द करायचा फोन त्यानं दुसऱ्या दिवशी केला, ती शेजारी उभी असताना. फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तो बराच वेळ फोनवर हात ठेवूनच उभा राहिला.

वहिनींना परवाना मिळाला. पुढच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा रक्तातला आकडा मागच्यापेक्षा थोडा वर गेलेला निघाला. डॉक्टर म्हणाल्या, इतका चढउतार होतो, एका आकड्यावरून मी काही ठरवत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊ, तेव्हाही वर असेल तर फोटो काढू. चष्मा त्यांच्या नाकावर नीट बसला होता. त्याच्या जिभेवर तो शब्द आलाच होता, काढून टाका. तो तिथंच राहिला, कडू गोळीसारखा, आणि त्यानं तो गिळला नाही की थुंकला नाही. "बरं," तो म्हणाला. "पुन्हा बघू."

खाली गाडीत येऊन बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. हॉस्पिटलच्या दारातून माणसं बाहेर येत होती, काही फोनवर बोलत, काही नुसतीच. पट्टा लावण्यासाठी बायकोनं हात मागे नेला होता, तो तसाच थांबला.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता काय? घरी जायचं. वाटेत दूध घ्यायचंय." तिनं पट्टा ओढला आणि खटकन लावला. "आणि हळू चालवा. भीती वाटली की तुम्ही जोरात चालवता."

त्यानं आरसा पाहिला, मागून कुणी येत नव्हतं, आणि गाडी बाहेर काढली.